लांडगा कोकरू नेतो तेव्हा: वाड्यावरच्या या चुका टाळा

पहाटे कुत्री भुंकली. आप्पांनी घोंगडीतूनच हाळी दिली आणि कूस बदलली. उजाडल्यावर पाहतो तर वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी, एका मेखेपाशी हातभर वर उचललेली, जाळीच्या दोऱ्याला लोकरीचा पुंजका अडकलेला, आणि कोकरांत एक कमी. इंदापूरकडच्या माळावरचा हा आमचाच वाडा, म्हणजे मेंढरांचा उघड्यावरचा तळ. दुपारी बाभळीची सावली बरी वाटली म्हणून तळ ओढ्याला लागूनच टाकला होता. तीच पहिली चूक.

लांडगा उघड्या माळावरून चालत येत नाही. ओघळ, घाणेरीची जाळी, उसाचा बांध धरून तो पार जवळ येतो, मग कुत्र्यांना वास लागून काय उपयोग? तळ मोकळ्यावर टाका, चारी बाजूंना नजर जाईल असा. वाघरीची उंची सगळेच बघतात, खालची कड कुणी बघत नाही. ती मेखांनी ताणून घ्या आणि मधल्या फटींवर दगड ठेवा. कोकरं कडेला नकोत. मधोमध, डालग्याखाली (मोठ्या टोपलीखाली) किंवा दुसऱ्या जाळीत ठेवा. कुत्री भुंकली की एकानं तरी उठायचंच. झोपल्या जागेवरून दिलेली हाळी लांडगा दोन रात्रींत ओळखतो.

आमचं जास्त नुकसान मात्र चरताना झालं आहे, दिवस बुडायच्या सुमाराला. खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, तळाकडे वळलेली, मेंढका (राखणारा) पुढे, हातात मोबाईल, आणि लंगडी मेंढी किंवा नुकतीच व्यालेली मागं रेंगाळलेली. जुनी माणसं सांगतात, एक लांडगा समोर दिसतो, कुत्री त्याच्यामागं पळतात आणि दुसरा मागून येतो. म्हणून मागं एक माणूस हवाच. माणूस नसेल तर व्यालेली मेंढी त्या दिवशी तळावर बांधा. थंडीत लांडगिणीची पिल्लं असतात, तेव्हा फेऱ्या वाढतात.

दरवेळी लांडगाच असतो असंही धरू नका. पाच-सहा मेंढ्यांच्या मागच्या तंगड्या फाडलेल्या आणि नेलं एकही नाही, तर बहुतेक गावातली मोकाट कुत्री. लांडगा एक धरतो, बहुतेकदा मानेला, आणि उचलून नेतो. उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ठसे बघा.

आता कागद. इथं आपली माणसं हमखास हरतात. मेंढरू मेलं की पहिलं काम त्याला ओढून खड्ड्यात टाकायचं. मग वन विभागाचा गार्ड येऊन विचारतो, मढं कुठंय? पंचनामा होईपर्यंत ते जागचं हलवायचं नाही. ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवायचं. १९२६ ही त्यांची हेल्पलाईन आहे. लांडग्यानं मारलेल्या मेंढीला सरकारी भरपाई मिळते, बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती. कोकरू उचलूनच नेलं तर दाखवायला काही उरत नाही, त्यामुळे उजाडताच रक्ताचा माग काढा. खूर, कातडं, ठसा, जे सापडेल त्याचा जागेसकट फोटो घ्या. आणि तक्रार जिथं घडलं तिथल्या वन कार्यालयात करा, स्वतःच्या गावच्या नाही. आम्ही एकदा गावी परत जाऊन अर्ज दिला होता. तीन हेलपाटे झाले, हातात काही आलं नाही.

रागाच्या भरात मढ्यावर विष टाकू नका, बिळात धूर करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे किमान तीन वर्षांची कैद. विषानं मरतात ती आधी आपलीच कुत्री, मग घारी-गिधाडं. शिवाय आसपास विष निघालं की भरपाईचा अर्जही अडतो. आप्पा तर म्हणतात, त्याचा वाटा होता, घेऊन गेला. मला एवढं मोठं मन नाही, पण विषाची पुडी मीही आणत नाही.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. लांडगा भर दिवसा वाड्यात घुसला, काही न खाता दिसेल त्याला चावत सुटला, माणसांवर धावला, तर तो पिसाळलेला समजा. चावलेली जागा लगेच साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. चावलेली मेंढरं खांडातून वेगळी काढून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. कुत्र्यांना रेबीजची लस दरवर्षी द्या, दिवाळीनंतर वाडा हलवायच्या आधीच.