प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बाँडचा कोटा मागताना या चुका टाळा

अमेरिकेत खासगी विकासकाच्या प्रकल्पासाठी करमुक्त बाँड, म्हणजेच प्रायव्हेट ॲक्टिव्हिटी बाँड, काढायचे, तर बहुतेक वेळा राज्याच्या कोट्यातून वाटा मिळवावा लागतो. २०२५ साली हा कोटा माणशी १३० डॉलर किंवा ३८.८७८ कोटी डॉलर, यांतला जो मोठा तो होता. वाटपाची रीत राज्यागणिक वेगळी. टेक्सासात सोडत निघते, कॅलिफोर्नियात गुण मोजतात. एका राज्याचा अर्ज नाव बदलून दुसरीकडे देऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती जेमतेम रक्कम मागण्याची चूक. परवडणाऱ्या भाड्याच्या घरांना ४ टक्क्यांचं टॅक्स क्रेडिट (करातली थेट वजावट) पूर्ण हवं, तर जमीन आणि इमारतीच्या खर्चाचा ठरावीक हिस्सा या बाँडांतून यावा लागतो. आधी ५० टक्के लागत. २०२६ पासूनच्या बाँडांना २५ पुरतात. समजा खर्च ४ कोटी डॉलर, म्हणून कोटा मागितला १ कोटी २ लाख. स्टील महागलं, काम लांबलं, खर्च ४ कोटी २० लाखांवर गेला. आता हवेत १ कोटी ५ लाख. तीन लाख कमी पडले, की क्रेडिट फक्त बाँडच्या पैशातून झालेल्या भागावर मिळतं. पुरवणी कोटा मिळतो, पण ते पैसे इमारत वापरात येण्याआधी खर्च व्हावे लागतात. शिवाय बाँड काढण्याआधी घ्याव्या लागणाऱ्या जनसुनावणीच्या नोटिशीतल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढ झाली, तर सुनावणी पुन्हा. म्हणून राज्याची कमाल मर्यादा पाहून २८ ते ३० टक्के मागावेत. हिशेब इमारतवार करावा, कारण कसोटी प्रत्येक इमारतीला लागते. एक्सेलमध्ये २५.१ दिसलं म्हणून अर्ज पाठवणं हा निव्वळ उतावीळपणा आहे.

दुसरी चूक कोटा वाटणाऱ्यांची. उरलेला कोटा तीन वर्षं पुढे नेता येतो, पण त्यासाठी केंद्रीय कर खात्याचा (आयआरएस) फॉर्म ८३२८ पुढच्या १५ फेब्रुवारीपर्यंत भरावा लागतो. बाँड त्याआधी निघणार असतील तर त्यांच्या तारखेपर्यंतच. त्यात लिहिलेलं प्रयोजन बदलता येत नाही: भाड्याच्या घरांसाठी राखलेला कोटा गृहकर्जाच्या बाँडांना वळत नाही. छोट्या कारखान्यांच्या बाँडांसाठी तर कोटा पुढे नेताच येत नाही. फॉर्मचा कच्चा मसुदा डिसेंबरातच तयार ठेवा.

सुनावणीनंतरची मंजुरी एक वर्षच चालते.

आधी खिशातून केलेला खर्च बाँडमधून वसूल करायचा असेल, तर पैसे दिल्यापासून ६० दिवसांत तसा ठराव हवा.

धर्मादाय रुग्णालयाच्या ५०१(सी)(३) बाँडांना हा कोटा लागतच नाही. त्यासाठी रांगेत उभे राहू नका.