नोंदणी उघडण्याआधी सर्व्हरवर काय तपासायचं

रामबागेतल्या आपल्या गणेशोत्सवाच्या स्पर्धांची ऑनलाइन नोंदणी उघडली, की इंदूरभरचे पालक एकदमच फॉर्म भरायला बसतात. त्यात मुलांची वयं, फोटो, फोन नंबर असतात. एका घरची माहिती दुसऱ्या घरी दिसता कामा नये, म्हणून आधी एवढं बघून घ्या.

पहिल्यांदा कोडमधली ग्लोबल व्हेरिएबल्स, म्हणजे सगळ्यांसाठी एकच असलेले माहितीचे कप्पे, शोधा. आत्ता फॉर्म भरणाऱ्याचं नाव किंवा नंबर तिथे ठेवलेला आढळला, तर तो तिथून काढाच. एकट्याने तपासताना ही चूक दिसत नाही. दोन रिक्वेस्ट (ब्राउझरने सर्व्हरला केलेल्या मागण्या) एकाच वेळी आल्या, की दुसरी पहिलीचं नाव पुसून टाकते. आपली साइट फ्लास्कवर, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर आहे, तेव्हा रिक्वेस्टपुरती माहिती त्याच्या ‘जी’ (g) या ऑब्जेक्टमध्ये ठेवा, ती प्रत्येक रिक्वेस्टची वेगळी असते आणि काम संपलं की जाते. निकालाचं पान जावात आहे. तिथे थ्रेडलोकल (प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे रिक्वेस्टचं काम करणाऱ्या धाग्याचा, स्वतःचा कप्पा) वापरलं असेल, तर शेवटी ‘रिमूव्ह’ हवंच, कारण टॉमकॅट हा जावाचा सर्व्हर तेच थ्रेड पुन्हा पुढच्या माणसाच्या कामाला लावतो आणि जुनं नाव त्यात तसंच राहतं.

फोटोच्या तात्पुरत्या फाइलला मुलाचं नाव देऊ नका. आर्या नावाच्या मुली कितीतरी निघतील. पायथनचं ‘टेम्पफाइल’ दर वेळी नवं नाव देतं. लॉगिननंतरच्या पानांना ‘नो-स्टोअर’ हेडर लावा, म्हणजे ती पानं मधे कुठे साठवून ठेवली जाणार नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ कनेक्शन पूलला, म्हणजे डेटाबेसशी उघडून ठेवलेल्या आणि पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या कनेक्शनच्या साठ्याला द्या. मार्च २०२३मध्ये चॅटजीपीटीच्या काही वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, ती रेडिस या डेटा साठवणाऱ्या प्रणालीच्या पायथन लायब्ररीतल्या दोषामुळे. रेडिसला प्रश्न पाठवून झाल्यावर, पण उत्तर यायच्या आत रिक्वेस्ट रद्द झाली, तरी कनेक्शन पूलमध्ये परत जायचं आणि ते उत्तर पुढच्याच कुणाच्या तरी हाती पडायचं. म्हणून लायब्ररी अद्ययावत करा आणि अर्ध्यात तुटलेलं कनेक्शन परत न घेता बंद करा.

मग खरी परीक्षा घ्या. माहिती वाचणं आणि साठवणं यांच्यामध्ये मुद्दाम दोन सेकंदांचा थांबा टाका, आणि दोन फोनवरून वेगवेगळ्या नावांनी एकाच वेळी फॉर्म पाठवा. असं पुन्हा पुन्हा करा, मधेच एका फोनचं नेटही बंद करून बघा. एकदा जरी नावांची अदलाबदल झाली, तरी नोंदणीची तारीख पुढे ढकला. कोड ठेवायची साइट असलेल्या गिटहबने असाच दोष सापडल्यावर ८ मार्च २०२१ला सगळ्यांना लॉगआउट केलं होतं.