पांढरे ठिपके परत परत का येतात

डिसेंबरात पुण्यात गारठा पडला की माझ्या दोन फुटी माशांच्या टाकीतल्या मॉली दगडांना अंग घासू लागायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके. दुकानातून औषध आणायचं, ठिपके गेले की मी ते थांबवायचे, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. सलग दोन हिवाळे हेच चाललं.

चूक थांबवण्यातच होती. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, 'इक'. तिथे औषध त्याला गाठत नाही. वाढ झाली की तो गळून वाळूत जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची शेकडो पिल्लं होतात. ती पोहत मासा शोधायला निघतात, तेवढ्याच वेळात औषध लागू पडतं. म्हणजे मासा स्वच्छ दिसतो तेव्हा रोग तळाशी असतो.

आता मी हीटरने पाणी दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांवर नेते. उबेत परजीवीचं चक्र भराभर फिरतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू. 50 लिटर पाण्याला 100 ग्रॅम खडे मीठ, विरघळवून, दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं. मॉलीला मीठ मानवतं. लोच, कोरीडोरस असे तळाशी राहणारे मासे किंवा झाडं असतील तर एवढं घालू नका. गोल्डफिशला इतकी ऊबही नको. दिवसाआड तळाची वाळू पाईपने ओढून घ्यायची आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही हे सगळं दहा दिवस चालूच ठेवायचं.

टाकी निर्जंतुक करायची घाई मात्र नको. पहिल्या हिवाळ्यात मी फिल्टरसकट सगळं धुतलं. माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया संपवणारे स्पंजमधले चांगले जिवाणू गेले, तो वाढला आणि ठिपक्यांतून वाचलेल्या तीन मॉली त्यात गेल्या. अजून वाईट वाटतं. इकसाठी टाकी धुवायची गरजच नसते.

एकापाठोपाठ एक मासे मरत असतील, कारणच कळत नसेल, तरच टाकी पूर्ण रिकामी करा. बिनवासाचं साधं ब्लीच, एक भागाला वीस भाग पाणी, वीस मिनिटं. खिडक्या उघड्या, हातात मोजे, आणि त्यात ॲसिड किंवा दुसरं क्लीनर अजिबात मिसळायचं नाही. साबण तर नकोच. मग चार-पाचदा धुऊन, अँटीक्लोरीनच्या (क्लोरीन घालवणाऱ्या औषधाच्या) पाण्यात भिजवून, उन्हात खडखडीत वाळवा. ब्लीच लाकडात मुरतं, म्हणून लाकूड उकळा. स्पंज फेकून द्या. त्यानंतर नवा फिल्टर मुरायला, म्हणजे त्यात चांगले जिवाणू वसायला, महिना-दीड महिना लागतो. तोवर दोनच मासे सोडा आणि अमोनिया तपासत राहा.

नवा मासा आणला की तो माझ्याकडे चार आठवडे न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या टबात राहतो. त्याची जाळी वेगळी, लाल दांड्याची, म्हणजे घरातलं कुणीही चुकून ती मोठ्या टाकीत घालत नाही.