प्रयोगशील ॲनिमेटरची रिळं जपताय? या चुका टाळा

चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९-७०च्या सुमारास मुंबईत १६ मिमीवर दोन प्रायोगिक फिल्म केल्या. रेषाचित्रं ॲनिमेट केलेली ‘सिझिजी’ आजही पाहता येते. ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ मात्र गेली, तिची एकही प्रत उरली नाही. चाळीसहून जास्त वर्षांनी आशिम अहलुवालिया यांनी पदमसींनाच सोबत घेऊन ती नव्याने घडवून पाहिली.

गल्लाभरू सिनेमाच्या प्रिंट गावोगाव फिरतात, एखादी कुठेतरी सापडतेच. प्रयोगशील ॲनिमेटरची बहुधा एकच असते. म्हणून ती कुणी कितीही गोड बोलून ‘एका शोपुरती’ मागितली तरी देऊ नका. आधी स्कॅन, मग शो.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेट (एक प्रकारचं प्लॅस्टिक) फिल्म कुजायला लागली आहे. त्यातून सुटणारी आम्लाची वाफ कुजणं आणखी वाढवते. हे रीळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलं की वाफ आतच कोंडते. ते बाकीच्या रिळांपासून वेगळं करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि स्कॅनच्या रांगेत पहिलं लावा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत माळा ही सगळ्यात वाईट जागा. ‘काय आहे बघू तरी’ म्हणून जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि ती फाटते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र हौसेने केलेल्या साफसफाईत होतं. ॲनिमेटर लेन लाय यांची ‘फ्री रॅडिकल्स’ (१९५८) म्हणजे काळ्या फिल्मवर ओढलेले ओरखडेच. सफाईचं सॉफ्टवेअर मागची-पुढची फ्रेम ताडून पाहतं आणि एकाच फ्रेममध्ये दिसणारी गोष्ट कचरा समजून पुसतं. इथे तर प्रत्येक फ्रेम वेगळी! त्यामुळे ऑटोमॅटिक सफाई, ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) कमी करणं, थरथर थांबवणं हे सगळं बंद ठेवायला लॅबला लेखी सांगा. स्कॅन फिल्मच्या कडेपर्यंत, भोकांसकट घ्या. ॲनिमेटर नॉर्मन मॅकलॅरेन यांनी ‘डॉट्स’चा (१९४०) आवाजसुद्धा फिल्मच्या कडेच्या आवाजपट्टीवर हाताने काढला होता, फक्त चित्राची चौकट स्कॅन केली तर असा आवाज कापला जातो. आणि मुद्दाम मूक ठेवलेल्या फिल्मला सतार-तबला जोडणाऱ्यांना काय म्हणावं!

कागद रद्दीत घालू नका. क्रमांक टाकलेली चित्रं, डोप शीट (कुठलं चित्र किती फ्रेम दाखवायचं याचा तक्ता), वेगाच्या नोंदी, सगळं ठेवा. ॲनिमेटर ऑस्कर फिशिंगर यांनी १९२०च्या दशकात एकाच वेळी अनेक प्रोजेक्टर चालवून प्रयोग केले. अशा कामाची नुसती रिळं हाती आली तर कुठलं कुठल्याशेजारी चालवायचं, हे कळणार कसं?

एमपी४ ही पाहायची प्रत, जपायची नव्हे. लॅबकडून प्रत्येक फ्रेमची वेगळी टिफ किंवा डीपीएक्स (पूर्ण दर्जाच्या चित्राची) फाइल मागून घ्या, दोन वेगळ्या गावांत ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा, कारण पडून राहिलेली हार्ड डिस्कही दगा देते. स्कॅन झालं की मूळ रीळ फेकायचं नाही. ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी ठेवता येईल का, याची चौकशी करा. देताना काय दिलं याची डबानिहाय यादी करा आणि हक्क कुणाकडे राहणार हेही कागदावर घ्या.