'स्टेज डोअर कँटीन'ची १६ मिमी प्रिंट दाखवताना

१९४३ चा हा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक फ्रँक बोर्झेगी. रजेवर आलेले सैनिक, न्यूयॉर्कमधलं कँटीन आणि तिथे पाहुणचाराला उभे राहिलेले तारे. कथा अगदी तुटपुंजी, पण वाद्यवृंद तब्बल सहा. परदेशातल्या तळांवर सैनिकांना त्या काळी चित्रपट बहुतेक १६ मिमीवरच दाखवले जात: उपकरण हलकं, शिवाय फिल्म अ‍ॅसिटेटची, म्हणजे नायट्रेटसारखी भडकणारी नाही. आज अशी प्रिंट हाती आली, तर ती थेट प्रोजेक्टरवर चढवू नका.

पहिलं काम लांबी मोजण्याचं. पूर्ण चित्रपट १३२ मिनिटांचा. ध्वनिपट मिनिटाला ३६ फूट धावतो, म्हणजे प्रिंट साधारण ४,७५० फूट भरायला हवी. १,६०० फुटांच्या रिळावर ४४ मिनिटं मावतात. तेव्हा तीन रिळं, आणि तिसरंही जवळजवळ काठोकाठ. तिसरं अर्धंच भरलेलं दिसलं तर प्रिंट छाटलेली आहे.

असे चित्रपट छाटणं फार सोपं असतं. प्रत्येक गाणं सुटा मणी; काढलं तरी कथेचा दोरा तुटत नाही. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय कलाकारांची गाणी कापली जायची ती याच सोयीने. म्हणून रिवाइंड टेबलावर (जिथे रिळं हाताने गुंडाळतात) दृश्यांची यादी हातात घेऊन बसा: काउंट बेसीच्या वाद्यवृंदाबरोबर एथेल वॉटर्स, बेनी गुडमनबरोबर पेगी ली, येहुदी मेन्युइनचं व्हायोलिन, ग्रेसी फील्ड्स, रे बोल्जरचा नाच, आणि सैनिकाला जेवण वाढता वाढता संवाद म्हणणारी रंगभूमीची अभिनेत्री कॅथरीन कॉर्नेल. कॉर्नेलचा हा एकमेव कथापट; प्रेक्षकांत नाटकवेडे असतील तर तिचा तुकडा नाही म्हटल्यावर हिरमुसतील. गाण्याच्या आधी-नंतर जोड दिसला तर तिथे काहीतरी गेलंय असं समजून चाला.

डबा उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट कुजायला लागलंय. ती प्रिंट बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा, कारण त्या वाफेने शेजारची रिळंही नासतात. मग आकुंचन बघा. मापक नसेल तर नव्या फिल्मच्या १०० फ्रेम (७६२ मिमी) टेबलावर पसरा, शेजारी जुन्या १०० फ्रेम ठेवा. जुनी पट्टी ६ मिमीहून जास्त आखूड भरली, तर चालवू नका. प्रोजेक्टरचे दाते फिल्मच्या छिद्रांत नीट बसत नाहीत आणि छिद्रं ओळीने फाटत जातात.

जोड तपासताना फिल्म कडेने धरून, सुती हातमोज्याच्या बोटांतून हळू सरकवा. खडबडीत लागलं की थांबा. चिकटपट्टीचा जुना जोड वाळून सरकलेला असतो आणि त्याचा डिंक पुढच्या वेटोळ्याला लागतो. तो पूर्ण काढून नवा करा. लागोपाठ तीन-चार छिद्रं फाटलेली असतील तर तिथे दुरुस्तीची पट्टी लावायलाच हवी, नाहीतर गेटमध्ये (भिंगामागची चौकट, जिथे प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबते) लूप, म्हणजे गेटच्या वर-खाली सोडलेला फिल्मचा ढिला वळसा, तुटेल आणि चित्र थरथरायला लागेल. सुरुवातीला किमान ६ फूट लीडर, म्हणजे कोरी फिल्म, जोडा.

मूकपटांचा जुना प्रोजेक्टर वापरू नका. त्याच्या स्प्रॉकेटला (फिल्म ओढणाऱ्या चाकाला) दोन्ही बाजूंना दाते असतात. ध्वनिपटाला छिद्रं एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला आवाजाची पट्टी. तिथे दाते भोकं पाडत जातील आणि आख्खा चित्रपट खडखडेल.

आता लूप. संगीतपटात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चित्र गेटमध्ये दिसतं, आवाज मात्र पुढच्या ड्रमवर, म्हणजे एका गोल रुळावर, वाचला जातो, आणि फिल्मवर तो चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. गेट ते ड्रम हे अंतर बरोबर २६ फ्रेम हवं. खालचा लूप मोठा झाला की आवाज मागे पडतो. लहान झाला की ओठ हलण्याआधीच आवाज येतो, आणि ते जास्त खटकतं. संवादात दोन फ्रेमची चूक खपून जाईल. मेन्युइनच्या गजावर ती लगेच दिसते.

खात्रीसाठी रद्दी फिल्म लावा, गेटमधल्या फ्रेमवर मेणपेन्सिलीने खूण करा, ड्रमवर दिव्याचा उजेड पडतो तिथे दुसरी खूण करा, फिल्म काढून मधल्या फ्रेम मोजा. मोठ्या सभागृहात आणखी एक हिशेब असतो: स्पीकरपासून १४ मीटरवर बसलेल्याला आवाज एक फ्रेम उशिरा पोचतो. ओठ-आवाजाचा मेळ मधल्या रांगेत बसून पाहावा, प्रोजेक्टरजवळ उभं राहून नाही.

चित्राची रुंदी काढायला प्रोजेक्टरपासून पडद्यापर्यंतच्या अंतराला ९.६५ ने गुणा आणि भिंगाच्या मिमीने भागा. ५० मिमी भिंग, १० मीटर अंतर, तर चित्र १.९३ मीटर रुंद. प्रमाण ४:३, त्यामुळे रुंद पडद्याच्या दोन्ही कडा काळ्या कापडाने झाका.

आवाज मोठा केला म्हणून तो भरदार होत नाही. या पट्टीवर ५-६ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच; ट्रेबल वाढवलात तर फक्त खरखर वाढेल. टोन मध्यावर ठेवा. आवाज दबका आला तर आधी ड्रम आणि आवाजाचं भिंग पुसा, आवाजाच्या पट्टीवर उजेड पाडणारा एक्सायटर दिवा काळवंडलाय का बघा; अ‍ॅम्प्लिफायर त्यानंतर उघडा. गेटमधला मळ लाकडी काडीने काढावा, धातूने कधीच नाही.

एकच प्रोजेक्टर असेल तर रिळं बदलायला दोन-तीन मिनिटं जातात. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मध्येच गोल ठिपके चमकतील. ते मूळ ३५ मिमी रिळांच्या बदलाचे, प्रिंट करताना तसेच उतरलेले. त्यांना फसून प्रोजेक्टर बंद करू नका. तुमचं रीळ कुठे संपतं ते टेबलावरच बघून ठेवा, आणि रिळाचा शेवट गाण्याच्या मध्ये येत असेल तर तो टाळी पडल्यानंतरच्या जागी हलवा. प्रिंट स्वतःची नसेल तर मालकाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही.