मर्यादित संख्येतली स्पोर्ट्‌स कार पुढे मौल्यवान ठरेल का, हे कसे पारखावे

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीतील एका गृहस्थांनी मला मोबाइलवर एका गाडीचे छायाचित्र दाखवले. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५, म्हणजे २०२० साली भारतात फक्त २०० आणल्या गेल्या आणि बघता बघता संपल्या, त्यांपैकी एक. "दोनशेच गाड्या आहेत, म्हणजे दहा वर्षांत हिचे सोने होणार ना?" असा त्यांचा प्रश्न होता. ही गाडी खऱ्या अर्थाने स्पोर्ट्‌स कार नसून वेगवान सेडान आहे. पण दोन आसनांच्या अस्सल स्पोर्ट्‌स कारविषयीही मला नेमका हाच प्रश्न विचारला जातो आणि प्रत्येक वेळी विचारणाऱ्याचे बोट संख्येवरच असते. माझ्या मते संख्या ही सर्वांत शेवटी पाहायची गोष्ट आहे. गाडी किती संख्येने बनली यापेक्षा ती वीस वर्षांनी कितीजणांना हवी असेल, आणि तोवर ती चालवण्याजोगी राहील का, हे आधी तपासले पाहिजे.

याची साक्ष इतिहासच देतो. जग्वारने १९८८ साली एक्सजे२२० ही गाडी व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना शक्ती देणारी रचना यांसह जगासमोर मांडली आणि ग्राहकांनी ५०,००० पौंडांच्या अनामती भरल्या. प्रत्यक्षात १९९२ मध्ये गाडी हाती आली ती व्ही६ टर्बो इंजिनाची, फक्त मागच्या चाकांवर चालणारी आणि आधी सांगितल्यापेक्षा कितीतरी महाग. मधल्या काळात मंदी आली, १९८०च्या दशकाच्या अखेरीस फुगलेला संग्राह्य गाड्यांचा बाजार कोसळला आणि अनेक ग्राहक करारातून सुटण्यासाठी न्यायालयात गेले. अवघ्या २८०च्या आसपास बनलेल्या, आणि काही काळ जगातील सर्वांत वेगवान मानल्या गेलेल्या या गाडीला पुढे कित्येक वर्षे भाव नव्हता. त्याउलट फेरारी एफ४० सुरुवातीला ४०० बनवायची ठरली होती, प्रत्यक्षात तेराशेहून अधिक बनल्या, आणि तरीही ती आज जगातील सर्वांत मागणी असलेल्या गाड्यांत गणली जाते. बीएमडब्ल्यूची १ सिरीज एम कूपे २,७०० ठरवून सहा हजारांवर बनली. तिचेही भाव टिकले, कारण छोटे शरीर, मॅन्युअल गिअर आणि मोठ्या एम गाडीचे (एम ही कंपनीची वेगवान गाड्यांची मालिका) सुटे भाग हे मिश्रण कंपनीच्या दुसऱ्या कोणत्याही गाडीत मिळत नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. फोक्सवॅगनची पोलो चाकणला बनत असे. पण तिची जीटीआय ही तीन दारांची आवृत्ती नोव्हेंबर २०१६ मध्ये परदेशातून ९९ नग आणून २५.९९ लाख रुपयांना विक्रीस ठेवली गेली. ९९ हा आकडा दोनशेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही पुढच्याच वर्षी किंमत सहा लाखांनी उतरवावी लागली, कारण रस्त्यावर हजारोंनी दिसणाऱ्या पोलोसारख्या दिसणाऱ्या गाडीसाठी एवढे पैसे मोजायला लोक तयार नव्हते. ती गाडी उत्तम होती, आजही तिचे चाहते आहेत. परंतु दुर्मीळपणाने तिला विक्रीच्या पहिल्या वर्षातही आधार दिला नाही, हे विसरू नये.

मग मागणी कशाने टिकते? पहिली कसोटी अशी की, ती गाडी एखाद्या प्रकारातील शेवटची किंवा एकमेव आहे का. लेक्सस एलएफए ५०० बनल्या, डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या काळात. टर्बोविना फिरणारे तिचे ४.८ लिटरचे व्ही१० इंजिन इतक्या झपाट्याने मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढत असे की काट्याचा मीटर त्याच्या मागे राही, म्हणून तिला डिजिटल मीटर द्यावा लागला. ३,७५,००० डॉलर किंमत लोकांना तेव्हा अवाच्या सवा वाटली आणि उत्पादन थांबल्यानंतरही काही वर्षे अमेरिकेतील डीलरांकडे न विकलेल्या नव्या गाड्या उभ्या होत्या. आज तिचे भाव त्या किमतीच्या कितीतरी पुढे गेले आहेत, कारण प्रदूषणाच्या नियमांमुळे आणि विजेच्या गाड्यांमुळे तसे इंजिन पुन्हा कुणी बनवण्याची शक्यता उरलेली नाही. म्हणून गाडी पाहताना स्वतःला विचारावे: हिच्यात असे काय आहे, जे पुढच्या मॉडेलमध्ये मिळणार नाही? उत्तर "खास रंग, काळी चाके आणि डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी" एवढेच असेल, तर शोरूमचे जादा पैसे परत येतील अशी आशा धरू नये.

दुसरी कसोटी कंपनीच्या वागण्याची, आणि ती फार कमी लोक लावतात. पोर्शेने २०१६ मध्ये ९११ आर ही गाडी ९९१ नगांत आणली: चार लिटरचे इंजिन, मॅन्युअल गिअर, मागे मोठा पंख नाही. त्या वेळी ९११चीच जीटी३ ही आवृत्ती फक्त स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मिळत असल्याने आरचे भाव मूळ किमतीच्या दुपटीच्याही पुढे गेले. पुढच्याच वर्षी पोर्शेने जीटी३ला मॅन्युअल गिअर दिला, बिनपंखाची टूरिंग आवृत्तीही आणली आणि आरचे भाव झरझर खाली आले. ९९१ हा आकडा कंपनीने शब्दशः पाळला होता. बदलला तो गाडीचा एकमेवपणा. आपल्याला हवी असलेली गाडी ज्या गुणामुळे वेगळी आहे, तो गुण कंपनी उद्या सहज दुसऱ्या गाडीत घालू शकेल का, हा विचार खरेदीपूर्वी झालाच पाहिजे.

तिसरी गोष्ट आठवणींची. पंधराव्या वर्षी जी गाडी मनात भरते, ती माणूस चाळिशी-पंचेचाळिशीत, हातात पैसा आल्यावर शोधतो. यामाहाची आरएक्स १०० अमाप विकली गेली होती, तरीही आज चांगल्या स्थितीतील एकेका नगासाठी लोक गावोगाव हिंडतात. तिथे दुर्मीळपणा नव्हे, कॉलेजचे दिवस भाव ठरवतात. आज फर्ग्युसन रस्त्यावर रविवारी सकाळी एखाद्या गाडीभोवती मोबाइल घेऊन जमणारी मुले कोणत्या गाडीला थांबतात आणि कोणत्या गाडीकडे बघतही नाहीत, हे नीट पाहावे. मी ते जाणीवपूर्वक पाहतो आणि त्यातून मला बरेच कळते.

भारतातील बाजाराला एक स्वतंत्र नियम लागू आहे. वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी असून चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच असावे लागते. शिवाय करांचा बोजा गाडीच्या किमतीहूनही अधिक होतो. याचा अर्थ, काही वर्षांपूर्वी इथे आलेल्या गाड्यांच्या संख्येत आता सहजी भर पडू शकत नाही. ही मालकाच्या फायद्याची बाजू झाली. तोट्याची बाजू अशी की, विकताना आपला ग्राहकही बहुतेक भारतातच असतो आणि जगभरच्या लिलावांतील चढे आकडे पुण्यातल्या गाडीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. परदेशी लिलावाची बातमी वाचून इथली किंमत ठरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सुटे भाग आणि दुरुस्ती या प्रश्नावर मी अधिक थांबेन, कारण आधुनिक गाडी इथेच अडते. मॅकलारेन एफ१ एकूण १०६ बनल्या आणि २०२१ मध्ये त्यांतली एक दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. तरीही तिच्या देखभालीसाठी कंपनीला १९९०च्या दशकातील कॉम्पॅक लॅपटॉप कित्येक वर्षे जपून ठेवावे लागले, कारण गाडीशी संवाद साधणारे कार्ड त्यांतच चालत असे. एवढ्या मोलाच्या गाडीसाठी अशी खटपट कुणीतरी करते. दहा-बारा लाखांच्या गाडीसाठी कोण करणार? रांजणगावला बनलेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आली, १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन घेऊन. पुढे फियाटने भारतातील विक्रीच थांबवली. टाटांच्या टियागोची जेटीपी ही वेगवान आवृत्ती ऑक्टोबर २०१८ मध्ये आली आणि २०२०च्या बीएस६ या प्रदूषण-नियमांच्या वेळी संपली. दोन्ही गाड्या मला मनापासून आवडतात आणि दोन्हींना पुढे चाहते मिळतील असे वाटते. मात्र घेण्यापूर्वी त्या आवृत्तीपुरतेच असलेले भाग, म्हणजे बंपर, सस्पेन्शन, टर्बो, इंजिनाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), कुठे आणि किती दिवसांत मिळतात हे अनुभवी मेकॅनिकला विचारून लिहून घ्यावे. साध्या टियागोचे बंपर कुठेही मिळेल. जेटीपीचे मिळेलच असे नाही.

प्रत्यक्ष गाडी तपासताना सुरुवात टायरांपासून करावी. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२० म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. ओडोमीटर ८,००० किलोमीटर दाखवत असेल आणि चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे असतील, तर ते का बदलले याचे उत्तर बिलासह मिळाले पाहिजे. दोन्ही किल्ल्या, मूळ बिल, मालकाची पुस्तिका, हत्यारांची पिशवी, प्रत्येक सर्व्हिसची पावती हे सर्व एकत्र मागावे. काचांवरचे उत्पादनाचे खुणाक्रमांक एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवून घ्यावे. एखाद्या दरवाजावर आकडा बाकीच्यांच्या दुप्पट आला तर तो दरवाजा पुन्हा रंगवला आहे, असे समजावे. पुण्यात अशा गाड्यांचे इंजिन रीमॅप करून, म्हणजे त्याची संगणकीय मांडणी बदलून, एक्झॉस्ट बदलून घेण्याची हौस फार आहे. मूळ भाग खोक्यात जपून ठेवलेले असतील तर हरकत नाही. ते भंगारात गेले असतील, तर संग्रहाच्या दृष्टीने ती गाडी निम्मी गेली, असे माझे मत आहे. दोनशेपैकी खरोखर अस्सल अवस्थेत किती उरतील, हा आकडा मूळ दोनशेपेक्षा अधिक महत्त्वाचा असतो आणि आपली गाडी त्यांत मोडते की नाही, हे इथेच ठरते.

पुण्यात गाडी साठवणे हे वेगळे काम आहे. बाणेरच्या एका परिचितांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात आपली गाडी तळघरातील पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचे आवरण घालून लावली आणि सप्टेंबरअखेर उघडली. स्टिअरिंगच्या मऊ कापडावर पांढुरकी बुरशी चढली होती, बॅटरी मेली होती, टायर एका बाजूने चपटे झाले होते, आणि इंजिनाच्या झाकणाखाली शेंगदाण्याच्या टरफलांचे घरटे करून उंदरांनी वायरिंगचा एक पट्टाच कुरतडला होता. हवा खेळेल असे कापडी आवरण, बॅटरीला मंद विद्युतप्रवाह देणारा चार्जर, टायरमध्ये थोडी अधिक हवा, आतमध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आणि दर पंधरवड्याला इंजिन पूर्ण तापेपर्यंत एक फेरी, एवढे केले असते तर हे नुकसान टळले असते. नुसते उभ्या उभ्या पाच मिनिटे इंजिन चालू करून काही साधत नाही. एक्झॉस्टमध्ये पाणी साचते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढते, म्हणून टाकीत महिनोन्‌महिने तेच इंधन पडून राहू देऊ नये.

आता हिशेब. समजा, गाडी सर्व करांसह ४३ लाखांना पडली. तेच पैसे वर्षाला ७ टक्क्यांनी दहा वर्षे वाढले, तर ते साधारण ८४.६ लाख होतात. त्यावर दहा वर्षांचा विमा, सर्व्हिस, टायर आणि पार्किंग धरावे. म्हणजे नव्वद लाखांच्या पुढे भाव मिळाला, तरच गाडी "फायद्यात" गेली असे म्हणता येईल, आणि या मोजमापाला फार थोड्या गाड्या उतरतात. गाडी चालवण्याचा आनंद या हिशेबात धरलेला नाही; तो ज्याचा त्याने मोलावा, पण मोलावा जरूर. विम्यात आणखी एक खाच आहे: ठरलेल्या घसाऱ्यानुसार पाचव्या वर्षापर्यंत गाडीचे विमामूल्य निम्म्यावर येते, आणि त्यानंतर ते विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. बाजारात भाव वाढत असलेल्या गाडीचे मूल्य दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी भांडून लिहून घ्यावे, नाहीतर अपघातानंतर हाती निम्मीच रक्कम येईल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते. त्या वेळी फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर असतो, आणि परदेशी बनावटीच्या गाडीसाठी एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये शुल्क आहे. विंटेज नोंदणीची सवलत ५० वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते, म्हणजे २०२०च्या गाडीला ती २०७० साली लागू होईल. गाडी परराज्यातील असेल तर तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर यांचा खर्च आधीच किमतीत धरावा. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरला आहे का, ते वाहन पोर्टलवर पाहून घ्यावे.

सोसायटीतील त्या गृहस्थांनी हे सर्व ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी आम्ही पिंपरीला ती ऑक्टाव्हिया पाहायला गेलो. रंग मूळचा होता, पावत्या सलग होत्या. दुसरी किल्ली मात्र मालकाला सापडत नव्हती आणि एक्झॉस्ट बदललेला होता. मूळ एक्झॉस्ट कुठे आहे, असे विचारल्यावर मालकाने गच्चीवरच्या खोलीतून धूळ बसलेले खोके खाली आणले. खोके उघडून भागांवरचे क्रमांक आम्ही टॉर्चच्या उजेडात जुळवून पाहिले, आणि किल्लीचा खर्च वजा करून मगच किमतीची बोलणी सुरू केली.