राफ्ट स्वतः लिहायला बसण्यापूर्वी

वितरित प्रणाली, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या अनेक संगणकांनी (नोडांनी) मिळून चालवलेल्या प्रणाली, समजून घ्यायच्या असतील तर सगळ्या नोडांना एकाच निर्णयावर आणणारा, म्हणजे एकमताचा, एखादा अल्गोरिदम स्वतःच्या हाताने लिहून पाहावा, आणि त्यासाठी राफ्ट सर्वांत सोयीचा. संगणक, गिट आणि सवयीची एखादी प्रोग्रामिंग भाषा गृहीत धरतो.

डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांचा २०१४ चा शोधनिबंध कागदावर छापून घ्यावा, कारण संपूर्ण अल्गोरिदम एका पानात मांडणारी त्यातील दुसरी आकृती काम संपेपर्यंत समोर असावी लागते. लेस्ली लॅम्पोर्ट यांचा पॅक्सॉस हा एकमताचा जुना अल्गोरिदम आधी वाचण्याचा अट्टहास नको. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ चा निष्कर्ष मात्र जाणून घ्यावा: निरोप पोहोचायला किती वेळ लागेल याला काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी नोड बंद पडू शकत असेल, तर एकमत होईलच अशी हमी कोणताही निश्चयात्मक (यादृच्छिकतेचा आधार न घेणारा) अल्गोरिदम देऊ शकत नाही. म्हणूनच राफ्टमध्ये चुकीचा निर्णय न होणे घड्याळावर सोपवलेले नाही, काम पुढे सरकणे तेवढे सोपवले आहे.

नोड तीन किंवा पाच घ्यावेत. चार घेऊन काही साधत नाही, कारण चारांचे बहुमत तीन, म्हणजे तिथेही तीनांप्रमाणेच एकच नोड बंद पडलेला चालतो.

आता डिस्क. गेल्या वेळी राफ्ट लिहिताना माझ्या तयारीच्या यादीत ही ओळच नव्हती, म्हणून या वेळी ती सर्वांत मोठी आहे. चालू टर्म (प्रत्येक निवडणुकीपासून सुरू होणारा क्रमांकित काळ), त्या टर्ममध्ये लीडर (बाकीच्यांना नोंदी पाठवणारा नोड) होण्यासाठी कोणाला मत दिले ते आणि लॉग (आदेशांची क्रमवार नोंदवही), या तीन गोष्टी दुसऱ्या नोडला उत्तर पाठवण्यापूर्वी डिस्कवर गेल्या पाहिजेत. नंतर नव्हे, फुरसतीने नव्हे, उत्तर पाठवण्यापूर्वी. लॉग तर सगळेच जपतात, विसरले जाते ते मत. पाच नोड घ्या, एक ते पाच; पहिला आणि दुसरा उमेदवार. चौथ्या टर्ममध्ये तिसऱ्या नोडने पहिल्याला मत दिले, मग तिसराच बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि आपण मत दिले होते हेच त्याला आठवत नसल्याने त्याच टर्ममध्ये त्याने दुसऱ्यालाही मत दिले. चौथा पहिल्याच्या बाजूला, पाचवा दुसऱ्याच्या, आणि दोघा उमेदवारांचे स्वतःचे मत स्वतःला. म्हणजे दोघांकडे तीन-तीन मते आणि एकाच टर्ममध्ये दोन लीडर. यानंतर लॉगमध्ये काय सापडेल त्याची चर्चा न केलेली बरी.

फाइलमध्ये लिहिले म्हणजे डिस्कवर गेले असेही समजू नये. लिहिलेले आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये राहते. एफसिंक (कॅशमधले डिस्कवर उतरवायला लावणारी सिस्टिमची हाक) बोलावून ते यशस्वी झाल्याखेरीज उत्तर पाठवू नये. ही चूक चाचणीत सहज दिसत नाही, हा खरा त्रास आहे. नोड 'मारला' असे दाखवणारी चाचणी त्याच प्रोसेसमधला थ्रेड थांबवत असेल तर व्हेरिएबल जिवंतच राहतात आणि सगळे हिरवे दिसते. प्रोसेस खरोखर किल केली तर मत जपायचे राहिल्याचे उघड होते, पण एफसिंक राहिल्याचे तरीही नाही, कारण कॅश ऑपरेटिंग सिस्टिमकडे शाबूत असते. त्यासाठी व्हर्च्युअल मशिनचीच वीज तोडल्यासारखे करावे लागते. ही सोय कोड लिहिण्याआधी करून ठेवावी. आधी. नंतर कोणी करत नाही.

निवडणुकीचा टाइमआउट (लीडरचा निरोप न आल्यास निवडणूक सुरू करण्यापूर्वी थांबायचा वेळ) प्रत्येक नोडने दर वेळी यादृच्छिक निवडावा, नाहीतर सगळे एकदम उभे राहतात आणि मते फुटतात. शोधनिबंधात १५० ते ३०० मिलिसेकंद सुचवले आहेत. लॉक धरून ठेवून दुसऱ्या नोडच्या उत्तराची वाट पाहू नये. चूक शोधण्यासाठी प्रोग्राम छापेल त्या प्रत्येक ओळीत नोडचा क्रमांक आणि टर्म छापावी, नाहीतर पाच नोडांच्या सरमिसळीतून काहीही उमगणार नाही.

कमिटबाबत (नोंद कायमची ठरली असे मानण्याबाबत) शोधनिबंधातील आठवी आकृती वाचावी: जुन्या टर्मची नोंद बहुमताकडे पोहोचली एवढ्यावर लीडरने ती कमिट धरू नये, स्वतःच्या टर्मची नोंद कमिट झाली की जुन्या आपोआप होतात.

नेटवर्क तोडणे, निरोप उशिरा पोहोचवणे, दोनदा पोहोचवणे या चाचण्या रात्रभर चालू ठेवाव्यात. स्नॅपशॉट (लॉग छाटता यावा म्हणून साठवलेली तोवरची स्थिती) नंतर, सदस्यबदल (नोड वाढवणे-घटवणे) त्याहून नंतर. स्नॅपशॉटही तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, एफसिंक करून, मगच तिचे नाव बदलावे, आणि त्यानंतर डिरेक्टरीचेही एफसिंक करावे.